आम्ही अपवादात्मक माणसे

महाराष्ट्रातील जनता सरकारी निर्बंधांच्या विरोधात असते, हा जो एक समज शासनाच्या दफ्तरांत आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत परंपरेने चालत आलेला आहे, तो सर्वथा निराधार असल्याचे 2021 सालच्या वसंत ऋतूत, म्हणजे गेली म्हणून जिची उत्तरक्रिया आम्ही मोठ्या उत्साहाने उरकून टाकली होती ती कोरोनाची साथ पुनरपि उंबरठ्यावर येऊन उभी राहिली तेव्हा, निर्विवादपणे सिद्ध झाले. त्या दिवसांत निर्बंधांना तत्त्वतः विरोध करणारा एकही मनुष्य मला भेटला नाही. उलट, निर्बंध अधिक कडक हवेत, पोलीस फार मवाळ झाले आहेत, लोकांना दंडुक्याशिवाय कळत नाही, असेच जो तो सांगे. आणि हे सांगण्यासाठी जो तो मुखपट्टी हनुवटीवर उतरवून, भाजीबाजाराच्या ऐन मध्यभागी समोरच्याच्या कानाशी लागे. मतभेद होता तो एवढ्याच एका गौण मुद्द्यावर, की हे निर्बंध नेमके कोणावर लादावेत. आणि त्याही बाबतीत एकवाक्यता होतीच म्हणायची, कारण ‘माझ्याखेरीज सर्वांवर’ या उत्तरात कोणी कान्यामात्रेचाही फरक करीत नसे.

पहिल्या खेपेस आम्ही भ्यालो होतो, हे मान्य केले पाहिजे. 2020 च्या मार्चात आम्ही गच्चीत उभे राहून थाळ्या वाजवल्या, दुधाच्या पिशव्यांना साबण लावून अभ्यंगस्नान घातले, वर्तमानपत्रावरून इस्त्री फिरवून मगच त्यातील भीषण बातम्या वाचल्या आणि उद्वाहनाची कळ कोपराने दाबण्याच्या विद्येत थोडेबहुत प्रावीण्यही संपादन केले. दुसऱ्या खेपेस मात्र आम्ही अनुभवी झालो होतो; आणि अनुभवी मनुष्यासारखा सार्वजनिक आरोग्यास घातक प्राणी दुसरा नाही. एकाला तो आजार होऊन गेलेला असल्यामुळे आता आपल्याला अभय आहे अशी त्याची श्रद्धा होती. दुसऱ्याला तो वर्षभर झाला नाही, त्या अर्थी तो आपल्याला होतच नाही, असा त्याचा सिद्धांत होता. आणि तिसऱ्याने लसीची पहिली मात्रा त्याच दिवशी सकाळी घेतलेली असल्यामुळे सायंकाळी तो मित्रमंडळींस भेटून आपल्या रोगप्रतिकारक शक्तीचे प्रदर्शन करीत होता.

साथ परत येत आहे, ही वार्ता प्रथम विदर्भातून आली. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ या बाजूला रुग्ण वाढू लागले आणि 22 फेब्रुवारीपासून अमरावतीत आठवड्याची टाळेबंदी लागली, तेव्हा आमच्या पुण्यातील जाणत्या मंडळींनी मान डोलावून ‘ते तिकडे विदर्भात’ असा निर्वाळा दिला. मार्चच्या मध्यास नागपूर बंद झाले, तेव्हा नागपूरही विदर्भातच येते याकडे त्यांनी माझे लक्ष वेधले. पुढे रोगाने पुण्याची हद्द ओलांडली, तेव्हा पुणे म्हणजे हडपसर-चिंचवड, पेठांत काही नाही, असे ठरले, पेठांतून तो आमच्या सोसायटीत आला, तेव्हा ‘आहे, पण बी विंगमध्ये’ असा दिलासा मिळाला, आणि अखेरीस तो आमच्याच मजल्यावर मुक्कामाला आला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी दार किलकिले करून मला सांगितले, “अहो, ते लोक बाहेर फार जातात.” महामारीचा भूगोल असा मोठा सोयीस्कर असतो. शासनाने आदल्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली होती, आणि या फेब्रुवारीत तिच्या जोडीला ‘मी जबाबदार’ ही दुसरी काढली. दोन्ही घोषणांचे फलक आमच्या चौकात लागले होते, आणि जो येई तो ते आपल्या शेजाऱ्याला वाचून दाखवी.

निर्बंध जसजसे वाढत गेले तसतसा आमच्या वाचनाभिरुचीत एक अपूर्व पालट घडून आला. जन्मात ज्यांनी विजेच्या देयकाच्या पाठीमागचा मजकूर वाचला नव्हता, ते शासननिर्णय वाचू लागले. 28 मार्चपासून रात्रीची जमावबंदी. 5 एप्रिलच्या रात्रीपासून रोज रात्री आठ ते सकाळी सात संचारबंदी आणि शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी सकाळपर्यंत सर्वच बंद. 14 एप्रिलच्या रात्री आठपासून ‘ब्रेक द चेन’ या मथळ्याखाली अधिक कडक हुकूम. 22 एप्रिलला त्याहूनही कडक. प्रत्येक हुकूम निघाला की अर्ध्या घटकेत तो प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचे. परंतु त्यात काय मना केले आहे, हे पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे. वाचक थेट ‘यांना यातून सूट राहील’ या परिच्छेदावर उडी घेई आणि तेथे आपल्या अस्तित्वाचा काही आधार सापडतो का, याचा शोध घेई. सरकारही मोठ्या मनाचे. त्याने कोणालाच फारसे निराश केले नाही. किराणा, भाजी, फळे, दूध, मिठाई, अंडी, मासळी, शेतीची अवजारे, पाळीव प्राण्यांचे खाद्य, इतकेच काय, येऊ घातलेल्या पावसाळ्याचे सामान विकणाऱ्या दुकानांनासुद्धा मुभा मिळाली. हे शेवटले कलम वाचून आमच्या पेठेतील एका कापड दुकानदाराने दर्शनी भागात एक काळी छत्री टांगली आणि तिच्या छायेत साड्यांचा व्यापार निर्वेधपणे चालू ठेवला.

ज्यांच्यापाशी छत्रीही नव्हती, त्यांनी शटर दोन फूट वर ठेवले. या दोन फुटांनी महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनात जी समता आणली, ती अनेक सुधारकांना जन्मभर खपून आणता आली नव्हती. एरवी ज्यांची मान जिल्हाधिकाऱ्यापुढेही लवली नाही असे एक सेवानिवृत्त मामलेदार, “काका, जरा वाकून या,” अशी आतून हाक येताच, चारी पायांवर येऊन हातरुमालांच्या खरेदीसाठी त्या बिळात अंतर्धान पावताना मी स्वतः पाहिले आहेत. बाहेर आल्यावर गुडघ्यांची धूळ झटकीत ते मला म्हणाले, “ही दुकाने उघडी राहतातच कशी? काही बंदोबस्त आहे की नाही?”

कालमर्यादेचा परिणाम तर याहूनही मनोज्ञ झाला. संचारबंदी रात्री आठला सुरू होते, यावरून रोगही आठलाच कामावर रुजू होतो, असे जनतेने अनुमान काढले. आणि त्यामुळे साडेसात ते आठ या अर्ध्या तासात लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीची आठवण व्हावी अशी झुंबड उडू लागली. पुढे एप्रिलच्या उत्तरार्धात किराण्याची वेळ सकाळी सात ते अकरा एवढीच ठरली. जे ग्राहक पूर्वी चौदा तासांत विखुरलेले असत, ते आता चार तासांत, एकमेकांच्या पिशव्यांत कोपरे खुपसून, चुन्याने आखलेल्या वर्तुळांवर उभे राहू लागले. वर्तुळात उभे राहण्याचा नियम सर्वांनी पाळला, एवढे म्हटलेच पाहिजे. फक्त एका वर्तुळात किती जणांनी उभे राहावे, याचा खुलासा हुकमात नव्हता.

पोलिसांच्या नाक्यावर या सर्व प्रतिभेची परीक्षा होई. उन्हातान्हात उभ्या असलेल्या त्या बापड्या हवालदारांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण त्या दोन महिन्यांत त्यांनी जेवढे ललित वाङ्मय ऐकून घेतले तेवढे कोणा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानेही ऐकले नसेल. एका नाक्यावर माझ्यापुढे स्कूटरवर एक गृहस्थ होते.

“कुठं निघालात?”

“औषध आणायला, साहेब.”

“चिठ्ठी बघू.” हवालदाराने ती उलटसुलट पाहिली. “अहो काका, ही तीन वर्षांपूर्वीची आहे.”

“आजार जुना आहे,” काका म्हणाले.

यावर हवालदाराने हात जोडले. कोपरापासून जोडले, हे अर्थात सांगावयास नकोच.

आंतरजिल्हा प्रवासास तर वैद्यकीय निकड, घरातील गंभीर आजारपण किंवा अंत्यविधी एवढ्याच कारणांसाठी मुभा होती, आणि त्यासाठी ई-पास नावाचा परवाना लागे. या नियमाचा कोकणातील आत्याबाईंच्या प्रकृतीवर फार अनिष्ट परिणाम झाला. आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या देवगडकडील आत्याबाई, ज्यांची गेली दहा वर्षे कोणी पत्राने विचारपूस केली नव्हती, त्या हापूस झाडावर तयार होताच एकाएकी अत्यवस्थ झाल्या. सर्व कुटुंब त्यांच्या उशाशी धावले. आणि चार पेट्या मोटारीच्या मागील भागात बसताक्षणी त्यांना जो उतार पडला तो पुढील मोसमापर्यंत टिकला.

मुंबईकरांच्या वाट्याला याच सुमारास रंगशास्त्र आले. तेथील पोलिसांनी वाहनांवर लावण्यासाठी तीन रंगांच्या चकत्या ठरवल्या: वैद्यकीय सेवेस तांबडी, भाजीपाला व अन्नपदार्थांच्या वाहनांस हिरवी, इतर अत्यावश्यक सेवेस पिवळी. तेव्हा एका प्रेमिकाने समाजमाध्यमावरून पोलिसांना जाहीर पृच्छा केली, की प्रेयसीला भेटावयास जाताना कोणत्या रंगाची चकती लावावी. पोलिसांनीही सौजन्याने उत्तर दिले, की ही आपली निकड आम्ही समजू शकतो, परंतु ती आमच्या अत्यावश्यक सेवांच्या वर्गवारीत बसत नाही. या तरुणाची पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र त्याच्याविषयी कौतुकच वाटले. साऱ्या राज्यात परवानगी विचारून बाहेर पडू पाहणारा असा दुसरा मनुष्य निघाला असेल की नाही, शंका आहे. आठवड्याच्या आत चकत्यांची ती योजनाच मागे घेण्यात आली.

परंतु निर्बंधांचे खरे महाभारत घडले ते लग्नमांडवात. 22 एप्रिलच्या हुकमाने विवाहसमारंभ एकाच सभागृहात, दोन तासांच्या आत आणि पंचवीस माणसांत उरकावा, कसूर केल्यास पन्नास हजार रुपये दंड, असे फर्मावले. पंचवीस! मराठी लग्नात वधूच्या मामांचीच संख्या कधीकधी याच्या आसपास जाते. ज्या घरी लग्न होते तेथे याद्यांचे मसुदे रात्ररात्र चालू लागले, आणि प्रत्येक मसुद्याबरोबर एकेक घराणे कायमचे दुरावू लागले. वधू, वर, आईबाप, भटजी आणि छायाचित्रकार यांना वगळता येत नाही, हे मान्य झाल्यावर उरलेल्या जागांसाठी चुलते, मावशा, आत्या आणि वराचे कार्यालयातील साहेब यांच्यात जे तुंबळ युद्ध माजले, त्यात भटजींच्या ऐवजी ध्वनिमुद्रित मंगलाष्टके लावावीत, म्हणजे एक जागा मोकळी होईल, अशी तडजोडही एका काकांनी सुचवल्याचे मला ठाऊक आहे. मौज अशी, की लग्नाची पत्रिका आली म्हणजे ‘आता आला आहेराचा खर्च’ म्हणून जे वर्षानुवर्षे कपाळाला आठ्या घालीत आले होते, तेच ‘आपण आहात तेथूनच शुभाशीर्वाद द्यावेत’ हे वाक्य वाचून विलक्षण दुखावले गेले. लग्नास जावे न लागणे ही त्यांची आजन्म इच्छा होती. लग्नास न बोलावले जाणे हा मात्र अपमान होता. हुशार यजमानांनी यावर पाळ्यांची तजवीज केली: पंचवीस बसले की पंचवीस उठत, आणि दाराशी उभा राहून वराचा भाऊ मोजदाद करी. कोणत्याही क्षणी आत पंचवीसच असत, तेव्हा कायद्याचा अक्षरशः भंग झाला असे कोणासही म्हणता येत नसे. रोगाला मोजदादीची ही पद्धत माहीत नव्हती.

कुटुंबात जे लग्नाच्या यादीवरून झाले, तेच राष्ट्रीय प्रमाणावर पक्षांवरून झाले. आपल्या पक्षाचे राज्य असलेल्या प्रांतातील टाळेबंदी ही दूरदृष्टी, विरोधी पक्षाच्या प्रांतातील टाळेबंदी ही हुकूमशाही. आपल्या सभेची गर्दी हा जनतेचा आशीर्वाद, त्यांच्या सभेची गर्दी हा संसर्ग, अशी साथरोगशास्त्राची नवी परिभाषा रूढ झाली. 2020 च्या आषाढीला संतांच्या पालख्या मोजक्या वारकऱ्यांसह एसटीच्या बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या आणि लाखो वारकरी हुकूम मानून घरी राहिले. त्याच पंढरपुरात 2021 च्या एप्रिलात पोटनिवडणूक लागली, तेव्हा प्रचारसभा झाल्या. शेकडो वर्षांच्या वारीला जी सूट मिळाली नाही ती मतपेटीला मिळाली, आणि विठोबा दोन्ही प्रसंगी विटेवर उभा राहून सर्व पाहत होता.

आमच्या या वर्तनाला ऐतिहासिक पूर्वपीठिका आहे, असे विद्वान म्हणतात. ती आहेच. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्याच फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा केला. तो अवघ्या चार कलमांचा. परंतु त्याच्या आधारे पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे शिपाई बुटांसकट देवघरांत शिरले, माणसांना फरफटत छावण्यांत नेले, आणि त्या अत्याचाराचा शेवट 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीत गोळ्यांच्या आवाजाने झाला. त्या काळी केलेल्या लेखनापायी टिळकांनी राजद्रोहाची शिक्षा भोगली. सुटून आल्यावर ‘केसरी’ पुन्हा हाती घेताना त्यांनी ‘पुनश्च हरिः ॐ’ म्हटले. एकशे तेवीस वर्षांनी तोच चार कलमांचा कायदा दफ्तरातून झटकून पुन्हा लागू झाला, आणि 2020 च्या जूनमध्ये बाजारपेठा हळूहळू खुल्या करताना आमच्या शासनानेही ‘पुनश्च हरिओम’चाच उच्चार केला. आमच्या पणजोबांना संतापण्यासाठी रँड होता. आम्हांला रँड मिळाला नाही, संताप तेवढा वारशाने मिळाला. आणि तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही वडापावची गाडी सातला बंद करावयास लावणाऱ्या महापालिकेच्या कनिष्ठ लिपिकावर तो मनसोक्त खर्च केला. त्याच 1897 सालच्या मार्चात याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाने गेल्या, हा दुसरा वारसाही आमच्या नावे होता. पण त्यावर हक्क सांगण्यास त्या मानाने कमी अर्ज आले.

ज्यांना तक्रारीचा खरा अधिकार होता, त्यांचा आवाज या कोलाहलात क्षीणच राहिला. रिक्षावाला, फेरीवाला, बांधकामावरचा मजूर, खाणावळीतला वाढपी, नाभिक, घरकामाच्या मावशी, यांना टाळेबंदी म्हणजे संध्याकाळची चूल न पेटणे एवढाच अर्थ होता. शासनाने परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले व बांधकाम कामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये आणि महिनाभर शिवभोजन थाळी विनामूल्य देऊ केली. दीड हजारांत महिना कसा काढावा, याचे परिशिष्ट हुकमाला जोडलेले नव्हते. पण सूट कोणी मागितली, हे आठवून पाहिले म्हणजे चमत्कार वाटतो. ज्यांचे पगार पहिल्या तारखेस बिनबोभाट खात्यात जमा होत होते, त्यांनाच ‘जरा मोकळ्या हवेत’ फिरून येण्याची निकड सर्वांत तीव्र होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यात अग्रगण्य. ‘पाहुण्यांस व मोलकरणींस सक्त मज्जाव’ अशी सूचना त्यांनी आपल्या सहीशिक्क्याने फलकावर डकवली, आणि त्याच सायंकाळी त्यांची सासुरवाडी दोन मोटारी भरून उतरली. कोणी हटकले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ते पाहुणे कुठले? घरचेच आहेत ते.” मावशी मात्र दीड महिना फाटकाबाहेरच राहिल्या.

आणि मग 18 एप्रिल उजाडला. त्या एका दिवसात महाराष्ट्रात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या दिवशी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन एक आगगाडी प्राणवायू आणण्यासाठी विशाखापट्टणमकडे निघाली. यादीवरून रुसलेले काका आणि यादी करणारे यजमान, दोघेही रात्री दोन वाजता एकाच रुग्णालयाच्या फाटकावर, एकाच खाटेसाठी ओळख काढीत उभे राहिले. ‘आम्ही जरा वेगळे आहोत’ हे वाक्य तेथेही अनेकांनी उच्चारून पाहिले. तेथे ते चालत नसे. त्या काही आठवड्यांत शहरातले रस्ते जे ओस पडले ते पोलिसांमुळे नव्हे.

पण मनुष्यस्वभाव म्हणजे मनुष्यस्वभाव. मे ओसरला, आकडे उतरले, आणि जूनच्या आरंभी पाच स्तरांची योजना आली. ती एका मंत्र्यांनी सायंकाळी जाहीर केली, काही तासांत शासनाने ‘अद्याप निर्णय नाही’ असा खुलासा केला, आणि मग यथावकाश 7 जूनपासून ती खरोखरच लागू झाली. जेथे तपासलेल्यांपैकी बाधित पाच टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या, तो जिल्हा पहिल्या स्तरात, अशी ती वर्गवारी. पंधरा दिवसांपूर्वी रडवेल्या आवाजात खाट मागणारी मंडळी आता आपला जिल्हा तिसऱ्या स्तरात घालून शासनाने कसा अन्याय केला, याची टक्केवारी मांडू लागली. लोणावळ्याला पाऊस पडल्याची बातमी आली. मोटारी धुतल्या गेल्या. “सगळे चाललेत हो, आपण एक गेल्याने काय होतं?” असे म्हणत सगळे निघाले.

या ‘आपण एकट्याने काय होतं’चीच बेरीज म्हणजे साथ, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सरकारचे हुकूम पुष्कळदा गोंधळलेले, कधी उशिराचे, कधी परस्परविरोधी असतात, आणि त्यांची खिल्ली उडवण्याचा आपला हक्क अबाधित राहिलाच पाहिजे. परंतु बारा कोटी लोकांच्या राज्यात बारा कोटी अपवाद निघाले, तर शहाण्यात शहाण्या हुकमाचेही चालावयाचे नाही. तेव्हा वाचकहो, माझी एवढीच विनंती आहे. ही साथ किंवा हिची एखादी धाकटी बहीण पुन्हा केव्हातरी येईल, पुन्हा एखादे परिपत्रक निघेल आणि आपल्या हाती पडेल. त्या वेळी त्यातील मनाईचा परिच्छेद केवळ आपल्यासाठी लिहिला आहे असे समजून वाचावा, आणि सवलतींचा परिच्छेद शेजाऱ्याकडे द्यावा. शेजारी तो आपल्याला परत आणून देईल, घेऊ नये.